डीपीला खालून करंट दिला तर काय होतं?

गावाकडे ट्रान्सफॉर्मरला कुणी ट्रान्सफॉर्मर म्हणत नाही, आणि रोहित्र हा शब्द तर फक्त अर्जात लिहायला. सगळे डीपीच म्हणतात. डीपी म्हणजे खरं तर डबल पोल, ज्या दोन खांबांवर तो बसवलेला असतो ते खांब, पण नाव पडलं ते पडलं. डीपी जळाली, डीपीवर फ्यूज गेला, डीपी आणायला ट्रॅक्टर पाठवा. माझ्या मामांचं या डीपी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं आणि डिप्लोमा करत असताना सुट्टी लागली की मी तिथेच पडलेला असायचो. तिथे पहिल्याच आठवड्यात जे बघितलं त्यावरून हा सगळा लेख सुचलाय.

६३ केव्हीएचा एक जळालेला डीपी नव्याने वाइंडिंग करून, ओव्हनमध्ये वाळवून, तेल भरून तयार झाला होता. आता टेस्टिंग. मामांनी पॅनेलच्या जाड केबल ओढत आणल्या आणि जोडल्या त्या एलटीच्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बुशिंगला (टाकीतून तार बाहेर काढणारे इन्सुलेटर), जिथून शेतकऱ्याला वीज जाते त्या बाजूला. अकरा हजारांची लाईन जिथे येते ती एचटीची, म्हणजे जास्त व्होल्टेजची, वरची तीन उंच तपकिरी बुशिंग तशीच मोकळी, त्यांना काहीच जोडलेलं नाही. मला वाटलं मामांची गडबड झाली, उलटं जोडलं. तेवढ्यात त्यांनी टाकीच्या चारी बाजूंनी दोरी बांधली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि व्हेरिअ‍ॅक (शून्यापासून हवं तेवढं व्होल्टेज चढवायचं यंत्र) हळूहळू फिरवायला लागले. डीपी हूंऽऽ करायला लागला. मीटरवर ४३३ व्होल्ट आले तेव्हा मामा म्हणाले, "आता वर अकरा हजार आहेत. वरती काही जोडलेलं दिसत नाही ना? तरी आहेत."

मी त्या मोकळ्या बुशिंगकडे बघत राहिलो. नुसती पितळी टोकं, वर हवा. आणि तिथे ११ केव्ही.

ही काही मामांची स्वतःची युक्ती नव्हती. डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर कुठल्याही कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याची नो-लोड टेस्ट साधारण अशीच होते, एलटीकडून सप्लाय आणि एचटी मोकळी, कारण ४३३ व्होल्टचा सप्लाय टेस्टिंगच्या टेबलावर सहज मिळतो, ११ हजारांचा कुठून आणायचा? म्हणजे आपल्या गल्लीतला, शेतातला जवळजवळ प्रत्येक डीपी खांबावर चढायच्या आधी निदान एकदा तरी उलटा चाललेला असतो. हे मला तेव्हा फार भारी वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

आता हे होतं कसं ते बघू. ट्रान्सफॉर्मरच्या आत फिरणारं काही नाही, झडप नाही, दार नाही, एका बाजूनेच जाऊ देणारं असं काहीच नाही. सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांचा एक गाभा आणि त्यावर तारांचे दोन गुंडाळे, बास. एका गुंडाळ्याला एसी व्होल्टेज दिलं की गाभ्यात चुंबकीय प्रवाह सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे हेलकावे खातो, आणि त्या हेलकाव्यामुळे गाभ्याभोवती असलेल्या प्रत्येक वेढ्यात थोडं थोडं व्होल्टेज तयार होतं. इथेच सगळी गंमत आहे. वेढा कुठल्या गुंडाळ्याचा आहे, जाड पट्टीचा की बारीक तारेचा, इनपुटचा की आउटपुटचा, याच्याशी गाभ्याला काही देणंघेणं नाही, दर वेढ्याला तेवढंच व्होल्टेज मिळणार. समजा एलटीच्या एका फेजला ७० वेढे आहेत आणि तिथे २५० व्होल्ट आहेत, तर एका वेढ्याला साधारण ३.५७ व्होल्ट झाले. त्याच गाभ्यावर एचटीचे ३०८० वेढे असतील तर ३०८० गुणिले ३.५७, झाले ११ हजार. वरून ११ हजार दिले तर खाली २५०, खालून २५० दिले तर वर ११ हजार. गुणाकार दोन्ही बाजूंनी तोच.

प्रायमरी आणि सेकंडरी ही नावं आपण दिलेली आहेत. ज्या बाजूने देतो ती प्रायमरी, जिथून घेतो ती सेकंडरी. म्हणून वर्कशॉपमध्ये कुणी हे शब्द वापरतच नाही, एचटी आणि एलटी एवढंच म्हणतात, कारण ते कधीच बदलत नाही. मायकल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर दोन गुंडाळे घालून जो प्रयोग केला त्यातही कड्याची डावी आणि उजवी बाजू तत्त्वाने सारखीच होती. पुढे १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन गावच्या धरणावरून फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात १७५ किलोमीटर लांबून वीज आणून दाखवली, तिथे हजार दिवे लावले आणि पंपाने पाणी वर चढवून खोटा धबधबा पाडला, तेव्हा लाउफेनच्या टोकाला व्होल्टेज चढवणारे ट्रान्सफॉर्मर होते आणि फ्रँकफर्टच्या टोकाला उतरवणारे. बघायला गेलं तर दोन्हीकडे यंत्र एकच, फक्त त्याचं तोंड वेगळ्या दिशेला.

जळालेला डीपी उघडताना मी बऱ्याचदा हजर असायचो. झाकण काढलं की आधी वास येतो, जळक्या तेलाचा आणि कागदाचा, तो वास कपड्यातून दोन दिवस जात नाही. मग चेनपुलीने गाभा वर उचलायचा, काळं तेल निथळू द्यायचं, आणि बाहेरून दिसतात ते एचटीचे कॉईल, बारीक तारेचे, एकावर एक चकत्या ठेवल्यासारखे. ते काढले की मग आतमध्ये, अगदी गाभ्याला चिकटून, एलटीचा कॉईल, जाड पट्टीचा, मोजके वेढे. एलटी आत आणि एचटी बाहेर असंच का, तर गाभा टाकीला आणि टाकी जमिनीला जोडलेली, म्हणजे गाभा शून्य व्होल्टवर, मग त्याच्या शेजारी अडीचशे व्होल्टचा कॉईल बसवायला थोडं इन्सुलेशन पुरतं, ११ हजारांचा बसवायचा तर मधे केवढी जागा सोडावी लागेल.

या आत-बाहेरच्या रचनेमुळे उलटं चालवताना एक फरक पडतो आणि तो पुस्तकातल्या सूत्रात दिसत नाही. ट्रान्सफॉर्मरला एकदम फुल व्होल्टेज दिलं की पहिल्या काही सायकलमध्ये गाभा चुंबकाने तुडुंब भरतो, त्याला सॅच्युरेशन म्हणतात, आणि एकदा भरला की त्या क्षणापुरता लोखंडाचा उपयोगच उरत नाही, कॉईल नुसता हवेत गुंडाळल्यासारखा वागतो आणि भसकन करंट ओढतो. हा सुरुवातीचा धक्का, म्हणजे इनरश, नेहमीच्या फुल लोडच्या आठ-दहा पट सुद्धा जाऊ शकतो. आता बाहेरचा एचटी कॉईल मोठ्या घेराचा आहे, त्याच्या पोटात जागा जास्त, तो निदान थोडा अडवतो, आतला एलटी कॉईल लहान घेराचा, तो कमी अडवतो, म्हणून खालून सप्लाय दिला तर हा धक्का आणखी मोठा बसतो. मामा व्हेरिअ‍ॅक हळूहळू का फिरवत होते ते इथे कळतं. शून्यापासून चढवत नेलं की गाभा भरायची वेळच येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका जनरेटरच्या बाबतीत हीच लागणार आहे.

त्याच वर्कशॉपमध्ये आणखी एक टेस्ट व्हायची, तीही खालूनच. एलटीला ४३३ च्या दुप्पट म्हणजे ८६६ व्होल्ट द्यायचे, वर २२ हजार तयार होतात, आणि ते ६० सेकंद टिकले तर वाइंडिंगचं आतलं इन्सुलेशन पास. पण नुसतं व्होल्टेज दुप्पट केलं तर गाभा लगेच सॅच्युरेट होईल, म्हणून फ्रिक्वेन्सी पण दुप्पट करायची, ५० ची १०० हर्ट्झ. हेलकावा दुप्पट वेगाने होतो, त्यामुळे तेवढ्याच चुंबकावर दुप्पट व्होल्टेज निघतं आणि गाभ्याला जास्तीचं ओझं पडत नाही. मला ही टेस्ट सगळ्यात आवडायची, कारण फॅरेडेचा नियम एवढा उघड्यावर दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. मशीनचा आवाजही बदलायचा, नेहमीच्या हूंच्या जागी एक बारीक चढा सूर लागायचा.

तुमच्या घरात पण हे रोज होतंय. जिना चढताना कोपऱ्यात जो इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवलेली असते, त्यातल्या साध्या, वजनदार, घुमणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा एकच ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो दोन्ही कामं करतो. लाईट असते तेव्हा २३० व्होल्ट त्याच्या बारीक तारेच्या कॉईलला मिळतात, जाड तारेच्या बाजूला व्होल्टेज उतरतं आणि तिथले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) त्यांच्या पोटातल्या डायोडमधून डीसी करून बॅटरी चार्ज करतात. लाईट गेली की तेच मॉसफेट बॅटरीचा डीसी सेकंदाला ५० वेळा आलटून पालटून त्याच जाड कॉईलला देतात आणि बारीक कॉईलमधून २३० बाहेर येतात. सकाळी जो उतार होता तो संध्याकाळी चढ. अर्थात त्या ट्रान्सफॉर्मरचे वेढे हे दोन्ही हिशोब डोळ्यासमोर ठेवूनच घातलेले असतात.

ज्याचा तसा हिशोब केलेला नाही तो छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा लावला की मात्र फसगत होते. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेली पोरं पुण्यात पासोड्या विठोबाच्या दुकानांतून २३० ते १२ व्होल्टचा एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणतात आणि घरगुती इन्व्हर्टर करायला बघतात, मग विचारतात की २३० का येत नाहीत. कारण असं की छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेतच बरंच व्होल्टेज खाल्लं जातं, म्हणून बनवणारा १२ व्होल्टच्या बाजूला मुद्दाम थोडे जास्त वेढे घालतो, म्हणजे लोड आल्यावर बरोबर १२ उरतील. लोड नसताना मोजलं तर १४ सुद्धा दिसतात. मग खरा रेशो झाला २३० भागिले १४, म्हणजे साधारण १६.४, आणि उलट्या बाजूने १२ दिले तर वर मिळणार १९७, त्यावर दिवा लावला की आणखी खाली. आणि हो, १९७ व्होल्ट पण माणूस मारायला पुरेसे आहेत, घरी टेबलावर पसारा मांडून हे करू नका.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल तर मी हात जोडून सांगतो, त्याच्या वाटेला जाऊच नका. तो २३० चे साधारण २००० व्होल्ट करतो आणि त्या दोन हजारवाल्या कॉईलचं एक टोक थेट त्याच्या लोखंडाला जोडलेलं असतं. काही जण कमी व्होल्टेज काढायला म्हणून त्याला उलटा वापरतात, एचटीच्या बाजूला २३० देतात आणि हिशोबाने दुसरीकडे पंचवीसेक व्होल्ट मिळतात, ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण इनपुटचं एक टोक लोखंडालाच जोडलेलं असल्यामुळे वायरी उलट्या लागल्या की पूर्ण २३० व्होल्ट त्या उघड्या लोखंडावर येतात, आणि हात आपण तिथेच टेकवतो.

मोठ्या कामाची गोष्ट बघायची तर कसारा घाटात चला. इगतपुरीकडे चढताना १ ला ३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, त्यामुळे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट, इंजिनाच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर ते हजार-बाराशेवर उतरवतो आणि इलेक्ट्रॉनिक्समधून मोटरला देतो. हे चढतानाचं. उतरताना आताची थ्री-फेज इंजिनं ब्रेक म्हणून तीच मोटर जनरेटरसारखी चालवतात, गाडीचं वजन चाकं ढकलतं, चाकं मोटर फिरवतात, वीज तयार होते आणि ती त्याच ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वर जाऊन २५ हजारांच्या तारेत शिरते, जवळपास दुसरी गाडी चढत असेल तर तिच्या कामाला येते. उतरणाऱ्या मालगाडीने चढणाऱ्या गाडीला हात द्यायचा, आणि मधे तोच ट्रान्सफॉर्मर, त्याला काही बदल करावा लागत नाही. मुंबईच्या पट्ट्यात पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होतं, तिथे इंजिनात हा ट्रान्सफॉर्मरचा विषयच नव्हता, एसीवर बदल झाल्यावर तो आला.

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघर आहे, तिथे हेच दिवसाच्या वेळापत्रकावर चालतं. वर एक धरण, सह्याद्रीच्या कड्याखाली दुसरं, मधे डोंगराच्या पोटात वीजघर, १२५ मेगावॉटची दोन मशीन. विजेला मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात, मागणी नसते तेव्हा ग्रिडमधली वीज घेऊन तेच मशीन पंप म्हणून उलटं फिरवतात आणि पाणी परत वर चढवतात. पाण्याची दिशा बदलते, मशीनची बदलते, आणि वीजघराचा मोठा ट्रान्सफॉर्मर एका वेळी चढवणारा तर दुसऱ्या वेळी उतरवणारा होतो.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो ते.

वर्कशॉपमध्ये एक म्हातारे लाइनमन यायचे, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी सांगितलेली गोष्ट. शेतातला ६३ चा डीपी, वरच्या बुशिंगचा जम्पर, म्हणजे जोडतार, तुटलेला. एबी स्विच (खांबावरचा मोठा स्विच) उघडला, तिन्ही डीओ (अकरा हजारांच्या बाजूचे फ्यूज) खाली पाडले, म्हणजे वरची अकरा हजारांची लाईन तुटली, डोळ्यांनी दिसतंय. खरं तर खालच्या पेटीतले एलटीचे फ्यूज पण काढायला पाहिजेत, पण त्या पेटीत किटकॅट फ्यूजच्या जागी कुणीतरी डायरेक्ट जाड तार पिळून ठेवली होती, आणि बरोबरचा पोरगा म्हणाला काका लाईन तर बंदच आहे, चढा. काका चढले, पण हात लावायच्या आधी सवयीप्रमाणे त्यांनी डिस्चार्ज रॉडला बांधलेली अर्थिंगची साखळी बुशिंगच्या टोकांवर टाकली. ठिणगी उडाली, फट्कन आवाज झाला, आणि पलीकडच्या मळ्यात चालू असलेलं जनरेटर घरघरून बंद पडलं.

मळ्यात लग्नघर होतं. लाईट नाही म्हणून भाड्याचं जनरेटर आणलं होतं आणि मांडववाल्याने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती घरातल्याच एका पॉवर प्लगमध्ये खुपसली होती, मेन स्विच न पाडता. म्हणजे जनरेटरचे २३० व्होल्ट घरातल्या वायरिंगमधून मीटरमधून सर्व्हिस वायरने उलटे खांबावर, खांबावरून डीपीच्या एलटीला, आणि मग वर ज्या ७० आणि ३०८० च्या वेढ्यांचा हिशोब केला तो. २३० भागिले ७० गुणिले ३०८०, म्हणजे १०,१२० व्होल्ट. एका फेजला दिलेल्या घरगुती २३० व्होल्टने एचटीच्या दोन टोकांमधे दहा हजार, कारण आपल्याकडचे डीपी एचटीला डेल्टा (तीन कॉईल त्रिकोणात जोडलेले) आणि एलटीला स्टार (तिन्हींचं एकेक टोक एकत्र, तोच न्यूट्रल) असतात, एलटीच्या एका फेजचा कॉईल आणि एचटीच्या दोन लाईनमधला कॉईल गाभ्याच्या एकाच दांड्यावर गुंडाळलेले.

मला तेव्हा प्रश्न पडला होता की एवढंसं जनरेटर अख्ख्या डीपीला कसं पुरलं, बाकीच्या शेतकऱ्यांच्या लोडनेच दबून बंद पडायला हवं होतं. पण तो शेतीचा डीपी. लाईट जाते तेव्हा पंपांचे स्टार्टर आपोआप सुटतात आणि परत कुणी दाबेपर्यंत लागत नाहीत, म्हणजे डीपीवर लोडच नव्हता. राहिला डीपीच्या गाभ्याला चुंबक करायचा करंट. ६३ केव्हीएचा फुल लोड करंट ८४ अँपिअरच्या आसपास, गाभ्याला त्याच्या दोन-तीन टक्के लागतो, म्हणजे दोन-अडीच अँपिअर. ते ५ केव्हीएचं जनरेटर हसत हसत देतं. आणि इनरशचा धक्का? वायर आधी खुपसून मग जनरेटर चालू केलं होतं, त्यामुळे व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढलं, अगदी मामांच्या व्हेरिअ‍ॅकसारखं. म्हणून मी वर म्हणलं होतं लक्षात ठेवा.

साखळीने काय केलं तर एचटीची टोकं एकमेकांना आणि जमिनीला जोडून टाकली. वरचा शॉर्ट ट्रान्सफॉर्मरमधून तसाच खाली दिसतो, जनरेटरला वाटतं आपल्याच टोकावर शॉर्ट झालाय, आणि ते गुदमरून बंद पडतं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर वीज जशी दोन्हीकडे नेतो तसा शॉर्टही दोन्हीकडे नेतो आणि इथे त्यामुळेच जीव वाचला. काम चालू असेपर्यंत साखळी काढायची नसते ती याच्यासाठी, नुसता साठलेला चार्ज घालवण्यासाठी ती नसते. मधेच कुणी नवीन जनरेटर सुरू केलं तरी ते साखळीवर मरेल, माणसावर नाही.

यात आणखी एक ओंगळ बाब आहे. नेहमी अकरा हजारांची तार तुटून जमिनीवर पडली की सबस्टेशनमधला अर्थफॉल्ट रिले (जमिनीत जाणारा करंट हेरणारं यंत्र) बहुतेक वेळा ओळखतो आणि फीडर, म्हणजे ती लाईन, बंद पडतो, कारण सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, करंटला परत जायला वाट असते. खालून चढलेल्या विजेला वर डेल्टा मिळतो, डेल्टाला न्यूट्रल नाही, जमिनीशी नातं नाही. एक तार ओल्या वावरात पडून राहिली तरी मोठा करंट वाहत नाही, फ्यूज जात नाही, रिले तर चित्रातच नाही. शांतपणे पडलेली जिवंत तार. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच.

सबस्टेशनमधल्या लोकांना हेच पीटीच्या बाबतीत सांभाळावं लागतं. पीटी म्हणजे मीटरला व्होल्टेज दाखवणारा ट्रान्सफॉर्मर, ११ हजारांचे ११० करणारा, रेशो १००. पॅनेलवर रिले टेस्ट करताना कुणी चुकून पीटीच्या सेकंडरीत टेस्ट किटचे ११० व्होल्ट सोडले तर दूर यार्डात बंद पडलेल्या बसबारवर (सगळ्या लाईन जिथे जोडतात ती पट्टी) ११ हजार उभे राहतात. पीटी अंगाने केवढासा, पण तेवढा पुरतो. म्हणून बस बंद केली की पीटीचे सेकंडरी फ्यूज आधी काढून खिशात ठेवायचे ही सवय जुने लोक नवीन पोरांना लावतात, खिशात म्हणजे शब्दशः खिशात, कुणी दुसऱ्याने लावू नयेत म्हणून.

आता छपरावर सोलर आलंय आणि लोक विचारतात, मग आमचं सोलर पण लाइनमनला मारेल का? ग्रिडला जोडलेल्या सोलर इन्व्हर्टरला अँटी-आयलँडिंग असावंच लागतं, ग्रिडची लाईट गेली की तो ओळखतो आणि दोन सेकंदांच्या आत स्वतः बंद होतो. म्हणूनच नुसतं ऑन-ग्रिड सोलर असलेल्या घरात भर उन्हातही लाईट गेली की सोलर बंद असतं आणि लोक वैतागतात, पण ते तसंच हवं. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर आधी रिलेने ग्रिडपासून घर तोडतो, मगच घराला वीज देतो. ग्रिड चालू असताना मात्र दुपारी एखाद्या गल्लीत सगळ्यांची पॅनेलं भरात असतील आणि घरं बंद असतील तर उरलेली वीज डीपीतून खरंच उलटी वर अकरा हजारांत जाते, आणि ते ठीक आहे, कारण वरचं सगळं संरक्षण जागं असतं. एक अडचण येते ती व्होल्टेज वाढण्याची. वीज खांबापासून घराकडे येताना तारेत व्होल्टेज पडतं, घराकडून खांबाकडे जाताना घराचं व्होल्टेज खांबापेक्षा जास्त असावं लागतं, नाहीतर ती जाणारच नाही. शेतकऱ्याला शेवटच्या टोकाला बरं व्होल्टेज मिळावं म्हणून डीपीचा टॅप (वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज बदलायची सोय) आधीच चढवून ठेवलेला असेल तर भर दुपारी घरात अडीचशेच्या वर दिसायला लागतात आणि इन्व्हर्टर हाय व्होल्टेज म्हणून ट्रिप होतो. डीपी बदलायची मागणी करण्याआधी टॅप कितीवर आहे ते विचारा, बऱ्याचदा तिथेच उत्तर असतं.

जनरेटरला असली अक्कल नसते. ते ग्रिड आहे की गेली हे बघत नाही, त्याला जे जोडाल त्याला वीज देतं. त्याची अक्कल म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एकतर लाईनकडे असतो नाहीतर जनरेटरकडे, दोन्हीकडे एकदम जाऊच शकत नाही, लोखंडी दांड्याने घातलेली ती अट आहे, कुणाच्या लक्षात राहण्यावर ती अवलंबून नाही. थ्री-फेजला फोर पोल घ्या म्हणजे न्यूट्रल पण तुटतो, घरच्या सिंगल फेजला डबल पोल. भाड्याचं जनरेटर लग्नाला, गणपतीला, पारायणाला येतं तेव्हा मांडववाल्याला एवढंच विचारा की बाबा वायर कुठे जोडतोयस, आणि तो दोन्हीकडे पिन असलेली वायर काढायला लागला तर ती त्याच्या हातातून काढून घ्या. मांडवाचे दिवे थेट जनरेटरवर वेगळे लावले तर घराच्या वायरिंगला हात लावायची गरजच पडत नाही.

त्या काकांना मी विचारलं होतं, साखळी टाकायची सवय कशी लागली. म्हणाले, नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या उस्तादाने खांबाखाली उभं करून विचारलं होतं की लाईन कुठून येते. यांनी वर बोट दाखवलं. उस्तादाने त्यांचा हात धरून तोच हात खाली, शेतातल्या घरांकडे वळवला, आणि म्हणाला, दोन्हीकडून. मग साखळी त्यांच्या खांद्यावर टाकली आणि वर पाठवलं.